तुकोबांचे अंगण

तळेगाव दाभाडे सोडून चाकणच्या रस्त्याला लागले, की थोड्याच अंतरावर इंद्रायणीच्या काठी इंदुरी हे गाव येते. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे भुईकोट बांधला आणि गावाचे नाव मराठ्यांच्या इतिहासात नोंदले गेले. पण त्या कोटाचा पहिला चिरा बसण्याच्या सत्तर-ऐंशी वर्षे आधी या परिसरातील पायवाटांवर एक वेगळीच वर्दळ सुरू झाली होती. इंदुरीच्या पुढे उभा असलेला भंडारा डोंगर, त्याच्या पायथ्याचे सुदुंबरे, नदीच्या खालच्या अंगाचे देहू, जवळचे येलवाडी आणि पलीकडचे चाकण एवढ्या टापूतून तेली, वाणी, कुणबी, माळी, कुलकर्णी अशी नाना जातींची माणसे टाळ घेऊन एका देवळाच्या अंगणाकडे निघत. जी माणसे एकमेकांच्या पंक्तीला बसत नसत, ती त्या अंगणात खांद्याला खांदा लावून उभी राहत. हे अंगण देहूच्या विठ्ठलमंदिराचे होते आणि त्या मेळ्याच्या मध्यभागी तुकाराम बोल्होबा आंबिले उभे असत.

संत, कवी आणि विरक्त या तीन नात्यांनी महाराष्ट्र तुकोबांना ओळखतो. त्यांच्या आयुष्याला आणखी एक बाजू आहे आणि ती फारशी लक्षात घेतली जात नाही. वेगवेगळ्या जातींच्या, पंथांच्या आणि भाषांच्या माणसांना रोज एकत्र येण्यासाठी एक जागा लागते. ती जागा कोणी तरी उघडी ठेवावी लागते आणि ती उघडी ठेवणाऱ्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रोषाची किंमत मोजावी लागते. तुकोबांनी ती किंमत मोजली. देहू आणि भोवतालच्या गावांनी त्यांना कसे वागवले, कोण दुरावले, कोण जवळ आले आणि जवळ आलेले कशामुळे आले, हा त्यांच्या चरित्रातील अतिशय बोलका भाग आहे.

तुकोबांचे जन्मसाल सर्वसाधारणपणे १६०८ मानले जाते. वडील बोल्होबा, आई कनकाई, थोरले बंधू सावजी आणि धाकटे कान्होबा. कुळ मोऱ्यांचे, जात कुणब्याची आणि व्यवसाय वाण्याचा. घरी शेती होती, बाजारपेठेतील महाजनकी होती, दुकान आणि सावकारीही होती. घराण्यातील पूर्वज विश्वंभरबाबा यांनी देहूत विठ्ठल-रखुमाईची स्थापना केली होती आणि पंढरीची वारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. म्हणजे देऊळ घरचेच होते. त्याची देखभाल, पूजा आणि उत्सव ही आंबिल्यांची जबाबदारी होती. गावात प्रतिष्ठा असलेल्या, चार लोकांना उधार देणाऱ्या आणि शब्दाला वजन असलेल्या घरात तुकोबा वाढले. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराच्या मुलीशी, जिजाबाईंशी, त्यांचा दुसरा विवाह झाला. सुखवस्तू गृहस्थाचे आयुष्य समोर आखलेले होते.

ते आयुष्य काही वर्षांतच कोसळले. सतराव्या-अठराव्या वर्षाच्या सुमारास आईवडील गेले. वहिनी गेली आणि सावजी घर सोडून तीर्थयात्रेला निघून गेले. सारा संसार तुकोबांच्या डोक्यावर आला. त्याच सुमारास दख्खनवर १६२९ ते १६३१ या काळातला भीषण दुष्काळ पडला. पावसाने ओढ दिली, धान्य दिसेनासे झाले, गुरे गेली, माणसे गावे सोडून परागंदा झाली. अस्मानीला सुलतानीची जोड मिळाली. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने १६३० च्या सुमारास पुणे जाळून उद्ध्वस्त केले. या काळात तुकोबांचे दुकान बुडाले, दिवाळे निघाले, रखमाबाई अन्नावाचून गेली आणि पाठोपाठ मुलगा संतोबाही गेला. आपल्या आत्मपर अभंगांत तुकोबांनी हा सारा आघात कोणताही आडपडदा न ठेवता सांगितला आहे. दिवाळखोर माणसाला गावात तोंड दाखवणे किती कठीण असते, हे त्या अभंगांतून जाणवते. काल ज्याच्याकडे लोक उधारीसाठी येत, त्याच्याकडे आज लोक कीव किंवा कुचेष्टेने पाहू लागले होते.

तुकोबा डोंगरांकडे वळले ते या अवस्थेत. भामचंद्र, भंडारा आणि घोराडेश्वर ही त्यांच्या एकांताची तीन स्थाने. घोराडेश्वराच्या डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतच पुढे शंकराची पूजा सुरू झाली. एका श्रद्धेने कोरलेल्या दगडात दुसऱ्या श्रद्धेने दिवा लावावा आणि तिसऱ्याने तेथे बसून विठ्ठलाचे चिंतन करावे, असा हा प्रदेश होता. भंडाऱ्यावर तुकोबांनी ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ आणि कबीर यांच्या वचनांचे वाचन, पाठांतर आणि मनन केले. जिजाबाई संसार ओढत होत्या आणि रोज भाकरी घेऊन तो डोंगर चढत होत्या. परंपरेने त्यांच्या तोंडी फटकळपणा घातला आहे, परंतु उपाशी मुलांच्या आईने केलेल्या तक्रारीला फटकळपणा म्हणणे हा अन्याय आहे. तुकोबांनी जगाला दिलेल्या प्रत्येक गोष्टीत जिजाबाईंच्या घरातले काही ना काही कमी झालेले होते.

डोंगरावरून परतल्यावर तुकोबांनी केलेली पहिली मोठी गोष्ट सावकारी वह्यांची. वडिलार्जित कर्जखते बाहेर काढून त्यांनी त्यांचे दोन वाटे केले. धाकट्या कान्होबांचा अर्धा हिस्सा त्यांना दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. ही घटना वैराग्याची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. परंतु तिचा सामाजिक अर्थही तितकाच मोठा आहे. सावकार आणि कुळ एका सतरंजीवर बरोबरीने बसू शकत नाहीत. ज्याच्या वहीत आपले नाव आहे, त्याच्यासमोर माणूस मोकळेपणी गाऊ शकत नाही. दुष्काळाने पिचलेल्या गावात अनेकांच्या मानेवरचे ओझे त्या दिवशी उतरले आणि तुकोबांच्या अंगणात येणाऱ्याच्या मनातली पहिली भीती गेली. कान्होबांचा वाटा त्यांनी बुडवला नाही, हेही महत्त्वाचे. आपल्या तत्त्वाची किंमत दुसऱ्याच्या खिशातून वसूल करण्याचा मोह त्यांना झाला नाही.

त्यानंतर मंदिराची पाळी आली. पूर्वजांनी बांधलेले विठ्ठलाचे देऊळ मोडकळीला आले होते. पैसा नव्हता, तेव्हा तुकोबांनी माती, दगड आणि स्वतःचे अंग यांच्या बळावर त्याची डागडुजी केली. एकादशीचे कीर्तन सुरू झाले. प्रारंभी ते स्वतः कीर्तनाला उभे राहिले नाहीत. गाणाऱ्याच्या मागे उभे राहून ध्रुपद धरायचे, एवढेच काम त्यांनी पत्करले होते आणि हे त्यांनी स्वतःच्या अभंगात नमूद करून ठेवले आहे. पुढे ज्याच्या शब्दाने महाराष्ट्र हलला, त्या माणसाने आरंभ केला तो दुसऱ्याच्या मागे सूर धरण्यापासून. पुढे माघ शुद्ध दशमीला स्वप्नात बाबाजी चैतन्यांचा गुरूपदेश झाला, नामदेवांनी विठ्ठलासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, अशी तुकोबांची स्वतःची साक्ष आहे. अभंग झरू लागले आणि देहूचे घरगुती देऊळ पंचक्रोशीचे ठिकाण बनू लागले.

तेथे कोण येत होते, हे पाहण्यासारखे आहे. परंपरेने तुकोबांचे चौदा टाळकरी सांगितले आहेत. चाकणचे संताजी जगनाडे तेली होते. सुदुंबऱ्याचे गवारशेट वाणी होते. कडूसचे गंगाराम मवाळ ब्राह्मण होते, तर चिखलीचे मल्हारपंत कुलकर्णी. नावजी माळी होते. तुकोबांच्या आजोळच्या, लोहगावच्या, मंडळींत कोंडोबा लोहोकरे हे ब्राह्मण आणि शिवबा कासार असे दोघेही होते. घाण्यावरून, दुकानातून, मळ्यातून, कुलकर्ण्याच्या दप्तरातून उठून आलेली ही माणसे टाळ हाती घेतल्यावर एका ठेक्यात येत. टाळाचे एक वैशिष्ट्य आहे. तो एकट्याने वाजवण्यासाठी नसतो आणि शेजारच्याच्या टाळाकडे कान दिल्याशिवाय तो जुळत नाही. समतेवर प्रवचन ऐकून जे साधले नसते, ते रोजच्या या सवयीने हळूहळू साधत गेले.

अभंग लिहून घेण्याच्या कामी दोघांची नावे विशेषत्वाने घेतली जातात, संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ. एक तेली आणि एक ब्राह्मण, दोघेही एकाच माणसाचे शब्द टिपत होते आणि तो माणूस शूद्र गणला जाणारा कुणबी होता. सतराव्या शतकातल्या गावगाड्यात ही गोष्ट साधी नव्हती. लिहिणे हे काम ठराविक जातींचे आणि तेल गाळणे हे ठराविक जातीचे, अशी वाटणी पक्की असताना तेल्याच्या हातातली लेखणी ही त्या अंगणाने केलेली शांत क्रांतीच होती.

तुकोबांनी या अंगणात केवळ माणसे गोळा केली नाहीत, त्यांचे आवाजही गोळा केले. गाथा चाळताना ही विविधता थक्क करते. पहाटे दारोदार फिरणारा वासुदेव तिच्यात आहे, गोंधळी आहे, पांगुळ आहे. पोरांचे आणि बायकांचे खेळ आहेत. फुगडी, टिपरी, हुतुतू, विटीदांडू या सगळ्यांना अध्यात्माचा अर्थ लावलेला आहे. त्याचबरोबर दरवेशी आणि मलंग यांच्या नावाने रचलेली पदेही आहेत आणि ती दख्खनी वळणाच्या हिंदुस्थानीत आहेत. गावाच्या वेशीवर जो जो आवाज ऐकू येई, तो तुकोबांनी आपल्या घरात घेतला. उच्च वर्णाच्या अभिमानाने कोणी पावन झाले आहे काय, असा प्रश्न करणाऱ्या एका अभंगात त्यांनी संतांची जी यादी दिली आहे, तीत गोरा कुंभार, रोहिदास चांभार, सेना न्हावी आणि चोखामेळा यांच्या पंगतीला मोमीन कबीर आणि लतीफ मुसलमान सहजपणे बसले आहेत. त्यांच्यासाठी वेगळी पंगत तुकोबांनी मांडली नाही.

अर्थात, अशा जागेला विरोध होणारच होता. विरोध अभंगांच्या काव्यगुणांना नव्हता. शूद्राने वेदांचा अर्थ सांगावा, त्याच्या पायांवर ब्राह्मणांनी डोके ठेवावे आणि हे सारे उघड्या अंगणात चालावे, हे पचणे कठीण होते. वाघोलीचे रामेश्वरभट्ट हे विद्वान ब्राह्मण या विरोधात पुढे होते. अभंगांच्या वह्या नदीत बुडवण्याची वेळ तुकोबांवर आली. ज्या इंद्रायणीत त्यांनी आपणहून कर्जखते सोडली होती, त्याच इंद्रायणीत त्यांना आपली कविता सोडावी लागली. पहिल्या वेळी गावाचे भय पाण्यात गेले होते, दुसऱ्या वेळी गावाच्या भयाने कविता पाण्यात गेली. तेरा दिवस तुकोबा देवळासमोर अन्नपाण्यावाचून पडून राहिले. वह्या कोरड्या वर आल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. लोकांच्या मुखी असलेले अभंग लोकांनीच परत आणून दिले, असा अर्थ अनेक आधुनिक अभ्यासक लावतात. श्रद्धा असो वा चिकित्सा, दोन्हींच्या मुळाशी एक गोष्ट समान आहे. ही कविता आता एका माणसाची राहिली नव्हती, ती त्या अंगणात बसणाऱ्या साऱ्यांची झाली होती.

रामेश्वरभट्टांच्या परिवर्तनाची कथा अठराव्या शतकातील संतचरित्रकार महिपती यांनी सांगितली आहे आणि तिच्यात या भागाच्या संमिश्र जीवनाचे मोठे सुंदर चित्र आहे. पुण्यात अनगडशहा नावाचे एक फकीर राहत. त्यांच्या आवारातील पाण्यात रामेश्वरभट्टांनी स्नान केले, फकिराचा कोप झाला आणि भट्टांच्या अंगाचा दाह सुरू झाला. तो दाह शमला तो तुकोबांच्या अभंगाने. पुढे हे अनगडशहाच तुकोबांची परीक्षा पाहण्यासाठी देहूला आले. इतर ठिकाणी कितीही भिक्षा घातली तरी न भरणारा त्यांचा कटोरा तुकोबांच्या घरच्या चिमूटभर पिठाने भरला, अशी कथा आहे. कथेतील चमत्कार बाजूला ठेवला तरी तिची मांडणी लक्षणीय आहे. वैदिक ब्राह्मण, मुसलमान फकीर आणि कुणबी वाणी हे तिघे एकमेकांच्या कोपाशी आणि कृपेशी बांधलेले आहेत आणि तिघांचा समेट देहूत होतो. ज्या समाजाने ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्याला हा समेट हवासा वाटत होता, एवढे तरी तिच्यावरून निश्चित म्हणता येते. रामेश्वरभट्ट तुकोबांचे शिष्य झाले आणि त्यांनी रचलेली तुकोबांची आरती आजही गायिली जाते.

दूरच्या विरोधकापेक्षा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी अधिक अवघड असतो. देहूतील मंबाजी गोसावी असे शेजारी होते. त्यांचाही मठ होता, त्यांनाही शिष्य हवे होते आणि तुकोबांकडे वाढणारी गर्दी त्यांना सलत होती. तुकोबांच्या म्हशीने त्यांच्या वाफ्यांची नासधूस केल्याचे निमित्त झाले आणि मंबाजींनी काटेरी फांदीने तुकोबांना बेदम मारले. त्या रात्री कीर्तनाला मंबाजी आले नाहीत, हे लक्षात येताच तुकोबा त्यांच्या घरी गेले, मारून मारून हात दुखले असतील म्हणून त्यांची विचारपूस केली आणि त्यांना कीर्तनाला घेऊन आले, असे चरित्रकार सांगतात. हे क्षमेचे उदाहरण म्हणून सर्वत्र दिले जाते. मात्र तुकोबांनी कीर्तन थांबवले नाही किंवा जागाही बदलली नाही, याकडे सहसा लक्ष जात नाही. मारणाऱ्यासाठीही त्या अंगणात जागा राखलेली होती, पण मारणाऱ्याच्या भीतीने अंगण बंद झाले नाही.

मंबाजींच्या वागण्याला एक समकालीन साक्षीदार आहे. तिचे नाव संत बहिणाबाई. जन्माने ब्राह्मण असलेल्या या स्त्रीने कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग ऐकले आणि स्वप्नात त्यांचा उपदेश घेतला. शूद्राला गुरू केले म्हणून नवऱ्याने तिचा छळ केला. अखेर नवऱ्याचेही मन वळले आणि कुटुंब देहूला आले. आत्मचरित्रपर अभंगांत बहिणाबाईंनी देहूतील दिवसांचे वर्णन केले आहे. तुकोबांचे कीर्तन, तेथे लोटणारी माणसे, मंबाजींनी आपल्या मठात राहण्यास केलेली मनाई, त्यांच्याकडून झालेला छळ आणि मुक्या गाईला झालेली मारहाण हे सारे त्यात येते. गावात एकीकडे आश्रय देणारे हात होते आणि दुसरीकडे दार लावून घेणारे हातही होते. देहू ना संपूर्ण उदार होते, ना संपूर्ण निष्ठुर. कोणतेही गाव असेच असते. पुढे याच बहिणाबाईंनी जातीच्या श्रेष्ठत्वाची मुळापासून तपासणी करणाऱ्या वज्रसूचीचा आशय मराठीत आणला. देहूच्या अंगणात एका स्त्रीला जे ऐकायला मिळाले, ते तिने स्वतःच्या बुद्धीने पुढे नेले.

तुकोबांचे इहलोकीचे जीवन १६५० मध्ये, फाल्गुन वद्य द्वितीयेला संपले. वारकरी परंपरा हे सदेह वैकुंठगमन मानते आणि तुकाराम बीज म्हणून तो दिवस पाळते. त्यांचे वय तेव्हा जेमतेम बेचाळीस होते. मागे जिजाबाई होत्या, मुले होती आणि पोटात असलेला एक जीवही होता. तो मुलगा म्हणजे नारायणमहाराज. त्यांनी १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत घालून, आळंदीहून ज्ञानेश्वरांच्या पादुका सोबत घेऊन पंढरीची वाट धरली. पालखीच्या रूपाने देहूचे अंगण चालू लागले.

तुकोबांच्या वह्यांचाही प्रवास सुरूच राहिला. मुंबई सरकारच्या साहाय्याने विष्णू परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादित केलेली गाथा १८६९ ते १८७३ या काळात दोन भागांत छापली गेली. साडेचार हजारांवर अभंग त्यामुळे वाचकांच्या हाती आले. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी, आपल्या उपासनेत तुकोबांना मानाचे स्थान दिले. संताजी जगनाडे यांच्या परंपरेतील वह्यांच्या आधारे विनायक लक्ष्मण भावे यांनी १९१९-२० मध्ये स्वतंत्र गाथा प्रसिद्ध केली. तेल्याच्या हातच्या अक्षरांना अशा रीतीने अडीचशेहून अधिक वर्षांनी छापखान्याचा मान मिळाला. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३६ मध्ये काढलेल्या चित्रपटाला पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला आणि देहूचा वाणी मराठी न जाणणाऱ्यांपर्यंतही पोचला.

तथापि, या कथेचा दुसरा भाग सांगितल्याशिवाय ती पूर्ण होत नाही. अंगणात जे साधले, ते उंबऱ्याबाहेर तितकेसे टिकले नाही. टाळ वाजवताना मिटलेले अंतर टाळ खाली ठेवल्यावर पुन्हा उघडत असे. सोयरिकी जातीतच होत राहिल्या, पाणवठे वेगळेच राहिले. ज्या चोखोबांचे नाव तुकोबांनी आदराने घेतले, त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर होती आणि त्यांच्या जातबांधवांना विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. तुकोबांच्या जाण्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ही दारे बंद होती आणि त्या तीनशे वर्षांत वारी कधी खंडित झाली नव्हती, उलट भरभराटीला आली होती. एकत्र गाणे आणि दार उघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे दुसरी सोपी होते, परंतु आपोआप घडत नाही. मारणाऱ्या शेजाऱ्याच्या घरी जाऊन त्याला बोलावून आणणारा कोणी तरी दर पिढीत लागतो.

इंदुरी, सुदुंबरे आणि देहूचा हा टापू आज पार बदलला आहे. एका अंगाला तळेगावची आणि दुसऱ्या अंगाला चाकणची औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांत काम करण्यासाठी मराठवाडा-विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आणि इतर प्रांतांतून माणसे आली आहेत. जुन्या गावठाणांशेजारी नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. तेली, कुणबी, कासार ही जुनी वेगळेपणे पुरती मिटली नाहीत तोच भाषा, प्रांत, खाणेपिणे आणि धर्म यांची नवी वेगळेपणे त्यांत मिसळली आहेत. भाड्याने खोली देताना विचारले जाणारे प्रश्न, नळावरची कुरकुर, उत्सवाच्या वर्गणीवरून होणारे वाद हे शहरी वाचकांना परके नाहीत. मोठ्या सोसायट्यांत सभागृह असते, वस्तीत समाजमंदिर असते, गावात देऊळ, तालीम आणि वाचनालय असते. इमारतींची वाण नाही. त्या इमारतीत कोण येतो, कोणाला यावेसे वाटते आणि न आलेल्याची चौकशी कोण करतो, यावर त्यांचे अंगण होते की नुसते बांधकाम राहते, हे ठरते.

तुकोबांनी त्यासाठी काय केले, याची गोळाबेरीज फार लांबलचक नाही. समोरच्याला मिंधे करणारी वही आधी बुडवली. मोडकी जागा स्वतःच्या हातांनी नीट केली. आरंभी दुसऱ्याच्या मागे सूर धरला. येणाऱ्याची जात न विचारता त्याच्या हाती टाळ दिला आणि ज्याला येत होते, त्याच्या हाती लेखणी दिली. वेशीवरून ऐकू येणारी परकी बोली आपल्या कवितेत घेतली. विरोध झाला तेव्हा जागा सोडली नाही आणि विरोधकासाठी दार लावलेही नाही.

या परिसरात त्या अंगणाच्या खुणा अजून आहेत. भंडाऱ्यावर माघ शुद्ध दशमीला हजारो वारकरी जमतात. डोंगराच्या पायथ्याशी सुदुंबऱ्यात संताजी जगनाडे यांची समाधी आहे आणि भाविक तेथेही माथा टेकतात. ज्येष्ठ महिन्यात तुकोबांची पालखी इनामदार वाड्यातला मुक्काम आटोपून पंढरीच्या वाटेला लागते, तेव्हा देहूबाहेर तिचा पहिला विसावा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होतो. पालखी थांबते, अभंग होतो, आरती होते आणि मग दिंड्या आकुर्डीच्या दिशेने चालू लागतात.